गोठ्याचे पाहुणेघर करताना

पुण्यातल्या या सभागृहात बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात वडिलोपार्जित वाडी आहे. तिथला रिकामा गोठा किंवा मांगर (वाडीतली साधी जोडइमारत) दुरुस्त करून, पाहुण्यांना स्वतः रांधून खाता येईल असे छोटे बिऱ्हाड भाड्याने द्यावे, हा विचारही अनेकांच्या मनात घोळतो आहे. विचार चांगला आहे. मात्र गोठा ज्या कारणासाठी जसा बांधला गेला ते समजून घेतल्याशिवाय कुदळ उचलू नये, एवढेच मला आज सांगायचे आहे.

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये आणि वेल्सच्या पेंब्रोकशायरमध्ये हा व्यवसाय चांगला रुजला आहे. मोठी यंत्रे आल्यावर जुनी दगडी कोठारे शेतीला अपुरी पडू लागली आणि पुढे त्यांतली कित्येक सुटीची घरे झाली. त्या कोठारांना अनेकदा समोरासमोर दोन मोठी दारे असत, कारण मळणीनंतर धान्य वाऱ्यावर उफणायला आरपार झोत लागे. जाणता वास्तुकार भिंतीत नव्या खिडक्या पाडत नाही. त्या दारांनाच काच बसवून उजेड घेतो आणि मधली जागा छपरापर्यंत मोकळी ठेवतो.

आपल्याकडे खरी परीक्षा भिंतीची असते. वर्षानुवर्षे गुरे बांधलेल्या जागी शेण-मुताचे क्षार जमिनीत आणि सच्छिद्र जांभ्याच्या खालच्या थरांत मुरलेले असतात. पावसाळी हवेतली ओल हे क्षार शोषून घेतात. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, पोपडे सुटतात, आणि मालक गवंड्याला दोष देत पुन्हा सिमेंटच थापतो. त्याऐवजी तळाची मुरलेली माती उपसून टाकावी आणि चुन्याचा गिलावा करावा. तो क्षारांबरोबर झिजतो हे खरे, पण भिंतीला श्वास घेऊ देतो आणि खराब झालेला भाग पुन्हा करता येतो. पाहुण्यांना भिंत गुळगुळीत हवी असते, हा मला तरी मालकांचाच समज वाटतो.

छपराबद्दल थोडक्यात सांगतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा कौले आणि पत्रे उडून गेले. त्यामुळे वासे भिंतीशी जखडावेत, कडेची कौले तारेने बांधावीत, आणि खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड गंजते म्हणून खिळे-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.

आता स्वयंपाकघर. निवास-न्याहारीच्या घरांत सकाळच्या घावनांपासून रात्रीच्या सोलकढीपर्यंत सगळा भार बहुधा घरातल्या बाईवर पडतो, आणि हिशेबात तिची मजुरी क्वचितच धरली जाते. माझ्या मते स्वतः रांधण्याच्या सोयीचा सर्वांत मोठा फायदा इथेच आहे. मात्र सोय म्हणजे कोपऱ्यात ठेवलेली एक शेगडी नव्हे. बंदरावरून ताजी मासळी आणणाऱ्या कुटुंबाला ती साफ करायला बाहेर नळ आणि दगडी ओटा लागतो; आत खोबरे खवायला विळी, मासळीची आणि शाकाहारी भांडी वेगवेगळी, आणि ओट्यालगत उघडणारी खिडकी लागते. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी मचूळ असेल, तर पिण्याच्या पाण्याची वेगळी व्यवस्था आधीच करावी.

शेवटी कायद्याविषयी. १८ जानेवारी २०१९ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेनुसार, विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर समुद्राच्या भरती रेषेपासून जमिनीच्या बाजूला २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र, म्हणजे नव्या बांधकामाला सहसा मनाई असलेला भाग, आहे. तिथे अधिकृत जुन्या बांधकामाची दुरुस्ती चालते, पण जोते वाढवता येत नाही. म्हणून गोठ्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, आहे का, ते प्रथम पाहावे, आणि वापर बदलण्याची परवानगी कोणाकडून घ्यावी लागेल हेही विचारून घ्यावे. या पट्ट्यात मागच्या अंगाला जोडून बांधलेले न्हाणीघर हे नवे बांधकाम ठरते. ते जुन्या भिंतींच्या आतच बसवावे लागत असल्याने, आराखड्याची पहिली रेघ न्हाणीघरापासून ओढलेली बरी.