जास्त भरलेली कस्टम ड्युटी परत हवीय? मग आधी रिफंडचा अर्ज करू नका

नमस्कार मंडळी. अमेरिकेच्या टॅरिफच्या बातम्या सुरू झाल्यापासून कमेंटमध्ये एकच धोशा आहे, "सर, टॅरिफचा रिफंड आम्हाला कसा मिळेल?" यातले निम्मे लोक निर्यातदार आहेत! अहो, तुम्ही इचलकरंजीतून माल पाठवलात, पण तिथली ड्युटी तिथल्या आयातदाराच्या नावावर भरली गेलीय. परतावा मागायचा हक्कही त्याचाच. तुम्ही भाव कमी करून त्याचा भार उचलला असेल, तर तो हिशेब तुमचा आणि त्याचा. सरकारच्या दारात तुम्ही उभेच नाही आहात. विषय संपला.

आज बोलायचंय ते आपल्याकडे माल आणणाऱ्यांसाठी. न्हावा शेवाला कंटेनर उतरला, बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टम्सला द्यायचं घोषणापत्र) भरलं, ड्युटी भरली, माल गोडाऊनला आला आणि मग कळलं की ड्युटी जास्त गेली.

मूळ नियम सगळ्यांना ठाऊक आहे, पटकन सांगतो. कस्टम्स अ‍ॅक्ट 1962, कलम 27. ड्युटी भरल्याच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत अर्ज. शंभर रुपयांपेक्षा कमी रक्कम परत मिळत नाही. 'अंडर प्रोटेस्ट', म्हणजे हरकत नोंदवून भरली असेल तर एका वर्षाची अट लागत नाही. झालं.

आता उदाहरण घ्या. 40 लाखांचा माल, साडेसात टक्के बेसिक ड्युटी म्हणजे 3 लाख, त्यावर 10 टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज 30 हजार. सवलतीच्या अधिसूचनेत हा माल शून्य दरात बसत होता, पण बिल ऑफ एंट्रीत तिचा अनुक्रमांक टाकायचाच राहिला. गेले 3 लाख 30 हजार. आयात मालावरचा जीएसटी, म्हणजे आयजीएसटीही थोडा जास्त गेला, पण त्याचं क्रेडिट घेतलं असेल तर तो पुन्हा मागू नका.

मग बहुतेक जण काय करतात? थेट कलम 27 चा अर्ज! आणि तो फेटाळला जातो. का? तर बिल ऑफ एंट्री तुम्ही स्वतः भरलंय. 2011 पासून सेल्फ-असेसमेंट आहे, म्हणजे ड्युटी किती ते आयातदारानेच ठरवून भरायचं, आणि सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये आयटीसीच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की सेल्फ-असेसमेंट हीसुद्धा असेसमेंटच आहे. ती बदलून घेतल्याशिवाय रिफंड मागता येत नाही.

यावर कमेंट येते, "पण सर, चूक तर उघड दिसतेय ना!" दिसू दे. रिफंडच्या टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्याच्या जागी बसून बघा. त्याच्या समोर जे बिल ऑफ एंट्री आहे, त्यानुसार 3 लाख 30 हजार हीच बरोबर ड्युटी आहे आणि तेवढीच तुम्ही भरलीय. जास्त कुठे भरली? असेसमेंट नव्याने करायचा अधिकार त्याला रिफंडच्या अर्जावर नाहीच. सातबाऱ्यावर नाव चुकलं असेल तर आधी फेरफार करून घेता, मग मोबदला मागता. मोबदला वाटणाऱ्या साहेबाशी नावावरून भांडून उपयोग काय?

आता तारखांच्या बाजूने बघा, कारण खरा घात इथे होतो. "वर्ष आहे ना हातात" म्हणून लोक निवांत बसतात. पण असेसमेंटविरुद्ध कमिशनर अपील्सकडे, म्हणजे कस्टम्सच्याच अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जायची मुदत 60 दिवस, आणि सबळ कारण दाखवलंत तर वर 30. माझ्या ओळखीचे एक भोसरीचे उद्योजक वर्ष संपायच्या तोंडावर माझ्याकडे आले. फाइल इतकी सुंदर लावलेली, टॅग वगैरे, पण अपिलाची मुदत केव्हाच गेलेली. सीएचएने (कस्टम्सची कागदपत्रं करून देणाऱ्या एजंटने) त्यांना सांगितलं होतं, "नंतर बघू, वर्ष आहे." हे "नंतर बघू" ऐकलं ना की माझं डोकं फिरतं.

अपील हा एकच रस्ता नाही. कलम 149 खाली बिल ऑफ एंट्रीत दुरुस्ती मागता येते, पण आधार हवा तो माल सुटला त्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदाचा. नंतर बनवून घेतलेलं पत्र चालत नाही. निव्वळ लिखाणाची किंवा बेरजेची चूक असेल तर कलम 154. मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये डायमेन्शन डेटा या कंपनीच्या प्रकरणात या दोन्ही वाटा मान्य केल्या आहेत, त्यामुळे "फक्त अपीलच" असं कुणी सांगितलं तर हा निकाल समोर ठेवा. शिवाय 2025 च्या वित्त कायद्याने कलम 18अ आणलंय, माल सुटल्यानंतर स्वतःहून नोंद सुधारायची सोय. ऑडिट किंवा झडतीची कारवाई सुरू झाल्याचं कळवलं गेलं असेल तर मात्र ती वाट बंद. अपिलात जिंकलात, तर रिफंडचं वर्ष त्या आदेशापासून मोजलं जातं.

दुसरी अडचण नफेखोरीची, म्हणजे 'अनजस्ट एनरिचमेंट'. कायदा धरूनच चालतो की ड्युटीचा भार तुम्ही गिऱ्हाइकावर टाकलाय. नाही टाकला हे तुम्ही सिद्ध करायचं. नाही जमलं तर रिफंड मंजूर होतो आणि पैसे जातात ग्राहक कल्याण निधीत! लोक सीएचं सर्टिफिकेट जोडतात आणि खुश होतात. मग अधिकारी ताळेबंद उघडतो. ती 3 लाख 30 हजारांची रक्कम 'कस्टम्सकडून येणे' म्हणून दाखवलीय का? की खरेदीच्या खर्चात टाकून मोकळे झालात? खर्चात टाकली असेल तर ती विक्रीच्या भावात गेली, असं तो म्हणणार. म्हणून चूक लक्षात आली की त्याच आठवड्यात अकाउंटंटला फोन करा. मार्चअखेर वर्षाचे हिशेब बंद झाले की तो काही करू शकत नाही.

आणि हो, कमेंटमध्ये बिल ऑफ एंट्रीचे नंबर टाकू नका हो, सगळं जग वाचतंय. अर्ज दिलात की तो पूर्ण असल्याची तारखेसह पोच मागून घ्या. तीन महिन्यांत पैसे आले नाहीत तर पुढे सहा टक्के व्याज मिळतं, आणि ते तीन महिने मोजताना हीच तारीख कामाला येते.