पितृपक्षातला कोकण किनारा: मोटरहोमचा प्रवास तिथी पाहून कसा आखावा

नमस्कार. कोकणच्या प्रवासाचा व्हिडिओ म्हटला की सुरुवात नकाशाने होते. आज मात्र माझ्या हातात भिंतीवरची दिनदर्शिका आहे आणि तिची २०२६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरची पाने मी उघडून ठेवली आहेत. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेले मोटरहोम घेऊन रेवदंड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्या-किनाऱ्याने जायचे असेल, तर रस्त्याच्या आधी तिथी पाहावी लागते. ती का आणि कशी पाहायची, हे आज सविस्तर सांगतो.

आधी हंगामाचे बोलू. कोकणातला ऑफ-सीझन म्हणजे जून ते ऑगस्ट असे आपण धरून चालतो. खोल्या स्वस्त असतात आणि डोंगर हिरवे असतात, हे खरे आहे. परंतु मोटरहोमसाठी हा काळ मी सुचवणार नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, जंजिरा आणि सिंधुदुर्ग या किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, घाटांत दरडी कोसळतात आणि छतावरचे सौर पॅनेल जवळजवळ शोभेपुरते उरते. त्यातच तीन-चार टनांची गाडी एखाद्या आगराच्या, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेच्या, कडेला चिखलात रुतली, तर ट्रॅक्टर मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसावे लागते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची काय अवस्था केली, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. खाडीकाठच्या सपाट जागेत रात्रीची गाडी उभी करणाऱ्याने ती तारीख विसरू नये.

पावसाचा जोर ओसरतो न ओसरतो तोच गणपती येतात. त्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांची जी रांग लागते, तिच्यात सहा-सात मीटर लांबीची गाडी घेऊन शिरण्यात काहीच अर्थ नाही. म्हणून माझ्या मते कोकणचा खरा ऑफ-सीझन म्हणजे अनंत चतुर्दशी ते घटस्थापना यांच्यामधला पंधरवडा, अर्थात पितृपक्ष. या दिवसांत शुभकार्ये नसतात, नव्या गोष्टी सुरू करण्याचे अनेक जण टाळतात आणि सहलीही पुढे ढकलल्या जातात. किनारा मात्र जागा झालेला असतो. बोटी ऑगस्टपासून समुद्रात गेलेल्या असतात, विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात, ओहोळ वाहत असतात आणि हळवे, म्हणजे लवकर पिकणारे, भात पिवळे पडू लागलेले असते. आपल्या घरी पक्ष पाळला जात असेल, तर मासळीचा प्रश्न आपण आपल्यापुरता सोडवावा. त्या दिवसांत काकडी, भोपळा, पडवळ आणि अळू यांना कोकणात तोटा नसतो.

२०२६ मध्ये आणखी एक सोय झाली आहे. या वर्षी ज्येष्ठ अधिक मास असल्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा येतात. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला, सर्वपित्री अमावास्या १० ऑक्टोबरला आणि घटस्थापना ११ ऑक्टोबरला आहे. म्हणजेच पितृपक्ष बराचसा ऑक्टोबरात सरकतो आणि पावसाने काढता पाय घेतलेला असण्याची शक्यता वाढते. शक्यता हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. परतीचा पाऊस दुपारी तीन-चारनंतर विजांसह येतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचाही काळ आहे. ऑक्टोबर २०१९ मधले क्यार वादळ आपल्या किनाऱ्याला धडकले नव्हते, तरी त्याच्यामुळे झालेल्या पावसाने कोकणातले हाताशी आलेले भात आडवे केले. तेव्हा हवामान विभागाचा इशारा रोज सकाळी पाहणे आणि किनारा सोडून महामार्गाकडे जाणारा जवळचा रस्ता रोज रात्री ठाऊक असणे, या दोन गोष्टींना पर्याय नाही.

[पडद्यावर: रेवदंडा ते वेंगुर्ला किनारा आणि चार खाड्यांवरच्या खुणा]

आता या चार खुणा पाहा. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि जयगड ते तवसाळ. या चार ठिकाणी गाडी फेरीबोटीत घालून खाडी ओलांडावी लागते; काही गावांत या बोटीला जंगलजेटी म्हणतात. खाड्यांवर पुलांची कामे हाती घेतलेली आहेत, परंतु ते होईपर्यंत बोट चुकवायची म्हणजे डोंगर चढून महामार्गाकडे आणि पुन्हा खाली, असा दिवसभराचा वळसा पडतो.

छोटी मोटार बोटीत कोणत्याही वेळी चढते. मोटरहोमचे तसे नाही. तिच्या मागच्या चाकांमागे दीड-दोन मीटरचा भाग लोंबत असतो आणि त्याच भागाखाली पाण्याची टाकी, पाइप किंवा पायरी असते. ओहोटीला बोट खाली बसते, धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यातला कोन तीव्र होतो, आणि पुढची चाके फळीवर चढत असताना मागचा भाग काँक्रीटला घासतो. माझ्या पहिल्या प्रवासात सांडपाण्याच्या टाकीची तोटी अशीच तुटली. दोष बोटवाल्यांचा नव्हता. त्यांनी थांबायला सांगितले होते, घाई मला होती.

यावर आपल्या आजोबांचा हिशेब उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे पहाटे आणि दुपारी सुमारे तीन वाजता भरती. अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहा. त्यापुढे साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. दक्षिणेकडे ही वेळ थोडी अलीकडे येते, त्यामुळे नेमक्या वेळेसाठी भरतीचे कोष्टक पाहावेच, पण दिवसाचा आराखडा आखायला हा हिशेब पुरेसा आहे. दुसरी गोष्ट अशी की पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास उधाण असते, म्हणजे भरती खूप वर आणि ओहोटी खूप खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि पाण्याची चढउतार कमी होते. विषुवदिनाजवळची उधाणे तर वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी असतात. म्हणून चारही खाड्या पौर्णिमा आणि अमावास्या टाळून, अष्टमीच्या अलीकडे-पलीकडे ओलांडाव्यात.

२०२६ च्या पक्षात अष्टमी ३ ऑक्टोबरच्या सुमारास येते. येथे एक अडचण आहे. २ ऑक्टोबर, गांधी जयंती, शुक्रवारी आहे. सलग तीन दिवस सुट्टी मिळाली की अलिबाग, मुरुड, दिवेआगर आणि गणपतीपुळे येथे पितृपक्ष असो वा नसो, मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते आणि फेरीबोटीसाठी रांग धरावी लागते. त्यामुळे मी आखणी अशी केली आहे.

मंगळवार, २९ सप्टेंबरला निघून रेवदंडा किंवा मुरुड येथे मुक्काम. पुण्याहून येणाऱ्यांनी ताम्हिणीच्या मोहात न पडता खोपोली-पेणमार्गे यावे. रस्ता रटाळ आहे, पण या गाडीला तोच मानवतो. बुधवारी चतुर्थी, म्हणून आगरदांड्याची बोट दुपारी दोन-तीनच्या सुमारास घ्यावी आणि दिवेआगरला थांबावे. गुरुवारी सकाळी दिवेआगरहून आरावी, शेखाडी, श्रीवर्धन असा समुद्राला चिकटून जाणारा रस्ता. हा सगळ्या प्रवासातला सर्वांत देखणा तुकडा आहे आणि तो सावकाशच चालवावा, कारण समोरून एसटी आली तर मागे कोणी सरायचे हा प्रश्न तेथे नेहमीच उभा राहतो. उत्तर ठरलेले आहे: आपण सरायचे. एसटीला वेळापत्रक असते, आपल्याला नसते. त्या दिवशी पंचमी असल्याने चारच्या सुमारास बागमांडल्याची खाडी ओलांडावी आणि वेळास किंवा केळशीला पोहोचावे.

शुक्रवारपासून रविवारी संध्याकाळपर्यंत गाडी हलवायची नाही. कासवांची पिल्ले समुद्रात जाण्याच्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारीनंतर, वेळासला गर्दी असते; ऑक्टोबरात गाव आपल्या कामात असते. सोमवारी, ५ ऑक्टोबरला दशमी आहे आणि भरती सकाळी साडेसातला, म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी फक्त दाभोळजवळ सरकून राहावे आणि सकाळची बोट धरावी. मंगळवारी तवसाळहून जयगडला उतरले की बोटींचा विषय संपला. तेथून पुढे आरे-वारे, रत्नागिरी, पावस, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण आणि वेंगुर्ले हा भाग पुलांनी जोडलेला आहे. एका दिवसात साठ-सत्तर किलोमीटरांहून अधिक अंतर ठेवू नका, एवढेच त्याविषयी सांगतो. तारकर्लीपुढचे देवबाग हे नदी आणि समुद्र यांच्यामधले चिंचोळे टोक आहे. तेथे मोठी गाडी वळवायला जागा शोधावी लागते, तेव्हा ती मालवणलाच ठेवून रिक्षाने जावे.

आता मुक्कामाकडे वळतो, कारण बहुतेक प्रवास रस्त्यावर फसत नाहीत, रात्री फसतात. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, परंतु वीज, पाणी आणि मैला रिकामा करण्याची जागा असलेले वाहनतळ किनाऱ्यावर गावोगावी मिळतील, असे समजून निघू नका. माझा मार्ग साधा आहे. गावातल्या घरगुती निवासाच्या मालकांना आठ दिवस आधी फोन करून विचारावे: "काका, खोली नको, अंगणात गाडी उभी करू द्याल का? वीज, पाणी आणि दोन वेळचे जेवण यांचे पैसे देऊ." ऑफ-सीझनला खोल्या रिकाम्या असतात, त्यामुळे जेवणाच्या पैशांवर बहुतेक जण राजी होतात. मात्र होकार मिळाल्यावर तीन प्रश्न विचारल्याशिवाय फोन ठेवू नये. गल्लीची रुंदी किती आहे आणि दोन्ही बाजूंना चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आहे का? विजेची तार किंवा फणसाची फांदी किती खाली येते? अंगण जांभ्याचे आहे की मातीचे? छतावरच्या एसीसह आपल्या गाडीची उंची तीन मीटरच्या आसपास जाते. ती मोजून, आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवावा.

कोठे थांबू नये, हेही सांगतो. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, गाडी नेऊ नये. भरतीत अडकलेल्या मोटारींची छायाचित्रे दर वर्षी वर्तमानपत्रांत येतात आणि त्यांतली एकही गाडी आपल्या गाडीइतकी जड नसते. माडाखाली उभी करू नये, कारण नारळ किंवा सुकलेली झावळी पडली तर सौर पॅनेल आणि छताची खिडकी दोन्ही जातात. उघड्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, सूर्यास्त सुंदर दिसतो, पण परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारनंतर तेथे आपली गाडीच सर्वांत उंच वस्तू असते. आणि गाडी कोठेही असो, रात्री चपला बाहेर ठेवू नयेत. जांभ्याच्या कपारींत फुरसे हा विषारी साप असतो, आणि तो आकाराने लहान असल्याने अंधारात दिसत नाही.

विजेचा हिशेब निघण्यापूर्वी करावा. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. पाच युनिटांची लिथियम बॅटरी असली तरी पहाटेपर्यंत तो चालणार नाही. म्हणून अंगणातल्या सोळा अँपियरच्या प्लगची खात्री करावी, जाड वायर सोबत न्यावी आणि जोडण्यापूर्वी अर्थिंग टेस्टरने तपासावे. ओल्या हवेतल्या धातूच्या गाडीत ही तपासणी चुकवणे धोक्याचे आहे. वादळी पावसात लाइट जाणारच, तेव्हा पंख्यावर झोपण्याची तयारी ठेवावी.

शौचालयाच्या टाकीबद्दल बोलायला लोक संकोचतात, पण यजमानांशी हेच सर्वांत स्पष्ट बोलावे लागते. टाकी खाडीत, ओहोळात किंवा झाडीत रिकामी करायची नाही. आगरातल्या विहिरी उथळ असतात आणि त्याच पाण्यावर घर चालते. यजमानांच्या शौचालयात, त्यांची परवानगी घेऊन, ती रिकामी करावी, आणि आत घालायचे औषध फॉर्माल्डिहाइड नसलेले निवडावे, नाहीतर त्यांच्या सेप्टिक टाकीतले जिवाणू मरतात.

गाडी भाड्याची असेल तर परवान्याचे कागद, विमा आणि गोव्याच्या हद्दीत शिरण्याची मुभा भाडेकराराआधीच तपासावी. साडेसात हजार किलोंपर्यंत एकूण वजनाचे वाहतूक वाहन साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाच्या, परवान्यावर चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. तरीही स्वतः चालवायला देण्याबाबत प्रत्येक मालकाच्या अटी निराळ्या असतात.

परतीचा रस्ता मी सावंतवाडीहून आंबोलीमार्गे घेतो. घाट सकाळी चढायचा, कारण दुपारी धुके उतरले की पुढचे वळण दिसेनासे होते. आणि निघण्यापूर्वी वेंगुर्ल्यात चारही टायर, मागचा लोंबता भाग आणि खालचे पाइप गोड्या पाण्याने धुऊन घ्यायचे. दहा दिवसांचे खारे पाणी तसेच घेऊन घाट चढलात, तर पुढच्या खेपेला ब्रेक आधी मेकॅनिकला दाखवावे लागतील.