वजन लिहिलेलं होतं

(दृश्य: घराच्या जमिनीवर अंथरलेली गोधडी. तिच्यावर एकेक कागद मांडणारे हात. हातातल्या बांगड्या पार कोपराकडे सरकलेल्या.)

ही पिशवी साडीच्या दुकानातली आहे. एक बंद तुटला होता, त्याला गाठ मारली आहे. आत अकरा कागद, एक एक्स-रे, औषधांची रिकामी पाकिटं आणि रबर लावलेली बिलं. सात महिने ताई घराबाहेर पडल्या ते ही पिशवी काखेत घेऊनच.

ताईंचं नाव आम्ही सांगत नाही. दवाखान्यांचं आणि रुग्णालयांचंही नाही. या माहितीपटाच्या शूटिंगच्या पहिल्या दिवशी आम्ही ताईंना एकच विनंती केली, हे कागद तारखेप्रमाणे लावून द्याल का? त्यांनी ते गोधडीवर लावले. पहिला कागद जूनमधला आहे, शेवटचा जानेवारीतला.

(दृश्य: कॅमेरा डावीकडून उजवीकडे कागदांवरून हळूहळू सरकतो.)

पहिला कागद गल्लीतल्या दवाखान्याचा. तळहाताएवढी चिठ्ठी. खोकला, संध्याकाळी कणकण. पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणि खोकल्याची बाटली. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, वजन ४९.

दुसरी चिठ्ठीही तिथलीच. औषधाचं नाव बदललं आहे, सोबत एक इंजेक्शन आहे. खोकल्याला तेव्हा तीन आठवडे होऊन गेले होते. आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा नियम अगदी सोपा आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर टीबीची तपासणी करायची. कुणाला शंका आली तर करायची, असं त्यात म्हटलेलं नाही. सरळ करायचीच आहे.

तिसरा कागद मोठ्या रुग्णालयातल्या ओपीडीचा केसपेपर.

(दृश्य: पहाटेची रांग. केसपेपरची खिडकी अजून बंद. भिंतीला टेकून बसलेली माणसं. एका आजींच्या मांडीवर झोपलेलं मूल.)

ही रांग सकाळी सहाची. खिडकी उघडायला अजून वेळ आहे. पण ज्यांना लांबून यायचंय त्यांनी आदल्या रात्रीच चपला ठेवून नंबर लावलेत. त्या दिवशी ताई याच रांगेत होत्या. आधी केसपेपर, मग वजनाचा काटा, मग बाकडं, मग आतलं टेबल. टेबलासमोर किती वेळ मिळाला, असं आम्ही विचारलं. ताईंनी हाताची पाच बोटं दाखवली आणि मग त्यातली दोन मिटली.

केसपेपरवर घशाचा संसर्ग असं निदान आहे. त्याच्या वर, दाराशी बसणाऱ्या सिस्टरच्या निळ्या शाईत, वजन ४६.

टेबलामागच्या तरुण डॉक्टरला दोषी ठरवण्यासाठी हा माहितीपट केलेला नाही. त्याच्यापुढेही शंभर माणसं उभी असतात. पण तीन किलो वजन गेलं होतं, ते लिहूनही ठेवलेलं होतं आणि आधीचा कागद काखेतल्या पिशवीत होता. तो मागायला वेळ लागत नाही.

(दृश्य: चौथा कागद. बोट एका औषधाच्या नावावर थांबतं.)

इथे जरा थांबू या. चौथ्या कागदावर लेव्होफ्लॉक्सासिन आहे. एका नर्सिंग होममध्ये ऑगस्टमध्ये लिहून दिलेलं. हे औषध घेतल्यावर ताईंना बरं वाटलं. ताप उतरला, खोकला कमी झाला, पोळी गोड लागायला लागली. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. वीस दिवसांनी कणकण परत आली.

त्या वीस दिवसांत काय झालं, हे समजून घ्यायला हवं. हे औषध ज्या गटातलं आहे, त्या गटातली औषधं टीबीच्या जंतूंवरही चालतात. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी तीच राखून ठेवलेली असतात. एकटं औषध थोडे दिवस दिलं की जंतूंची संख्या घटते, पण रोग जात नाही. तो दबून बसतो. या काळात थुंकी तपासली तर जंतू सापडतीलच असं नाही. पेशंटला वाटतं आपण बरे झालो, डॉक्टरला वाटतं आपलं निदान बरोबर निघालं. आणि उरलेले जंतू पुढे त्याच औषधाला दाद देईनासे होण्याची भीती राहते. म्हणूनच टीबीवर कधी एका औषधाने उपचार करत नाहीत. सुरुवातीला चार औषधं एकत्र देतात.

पाचवा कागद रक्ताच्या रिपोर्टचा. हिमोग्लोबिन ८.९. शरीरातली सूज दाखवणारा ईएसआर ९६, आणि त्याच्यापुढे लॅबवाल्याने स्वतःहून मारलेली फुली. ईएसआर इतका वाढला की शरीरात कुठेतरी आग लागली आहे एवढं तरी कळतं. कुठे, ते शोधावं लागतं. ताईंना लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक मिळालं.

सहाव्या कागदावर दमा लिहिलंय. सोबत पंप आणि स्टेरॉइडच्या गोळ्या. वजन ४२.

(दृश्य: वस्तीतली अरुंद गल्ली. दोन इमारतींच्या मध्ये वर दिसणारी आकाशाची पट्टी. दुपारीही घरात दिवा.)

हे मुंबईतलं गोवंडी. दुपारचे दोन वाजलेत, तरी खालच्या मजल्यावर दिवे लागलेले आहेत. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी बांधलेल्या इथल्या वसाहतींमध्ये इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या घरांत ऊन पोहोचत नाही, वारा फिरत नाही. टीबीचे जंतू हवेतून पसरतात. खिडकी उघडी असेल तर ते विरतात, उन्हात मरतात. इथे ते घरातच रेंगाळतात. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या अशाच वसाहतींमध्ये झालेल्या अभ्यासाने घरांची ही रचना आणि टीबी यांचं नातं दाखवून दिलं आहे. अशा वस्तीतून खोकत आलेल्या माणसाकडे डॉक्टरने टीबी मनात धरूनच बघायला हवं. जगातल्या दर चार टीबी रुग्णांपैकी एक भारतातला आहे, आणि मुंबईला तर हा रोग नवा नाही. शिवडीचं क्षयरुग्णालय स्वातंत्र्याच्या आधीपासून उभं आहे.

(दृश्य: दवाखान्यांच्या पाट्या. एकापाठोपाठ एक, एकाच रस्त्यावर.)

ताईंचं नशीब वाईट होतं, असं शेजारच्या बायका आम्हाला म्हणाल्या. आम्हाला ते पटत नाही. मुंबई आणि पाटण्यातल्या खासगी दवाखान्यांमध्ये एक पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. शिकवून तयार केलेली माणसं पेशंट बनून दवाखान्यांत गेली. त्यांनी खोकला सांगितला, ताप सांगितला. काहींनी तर तपासणीचे रिपोर्टही सोबत नेले. अशा २,६०२ भेटी नोंदवल्या गेल्या. योग्य तपासणी सांगणं, योग्य ठिकाणी पाठवणं, इतकी साधी अपेक्षा होती. ती पूर्ण झाली ३५ टक्के भेटींमध्ये. उरलेले लोक खरे पेशंट असते, तर ताईंसारखीच पिशवी घेऊन फिरत राहिले असते.

(दृश्य: एक्स-रे खिडकीच्या काचेला धरलेला. मागून येणारा उजेड. वरच्या भागातला पांढरट डाग.)

नोव्हेंबरमध्ये फोटो काढला. आमच्यासाठी ताईंनी तो खिडकीशी धरला. उजव्या बाजूला वर, गळ्याजवळच्या हासळीच्या हाडाखाली, धुक्यासारखं काही दिसतंय. फोटो पाहणाऱ्यालाही ते दिसलं होतं. म्हणून एकदाची थुंकीची तपासणी सांगितली गेली. तोवर पाच महिने उलटून गेले होते.

रिपोर्ट निगेटिव्ह आला, आणि त्या एका शब्दावर ताई पुन्हा घरी परतल्या.

(दृश्य: आरोग्यसेविका अंगणात उभी. हातात झाकणाची डबी. तिच्यासमोर ताई.)

असं का झालं, ते समजायला हे दृश्य नीट बघा. हे जानेवारीतलं आहे. घरोघर फिरणाऱ्या या आरोग्यसेविका. ताईंच्या दाराशी आल्या, खोकला ऐकला आणि तिथेच थांबल्या. त्यांनी पिशवी मागितली. सात महिन्यांत ती पहिल्यांदाच कुणी मागून घेतली. उंबऱ्यावर बसून त्यांनी सगळे कागद पाहिले आणि बॉलपेनने फक्त वजनांना गोल केले.

आता आरोग्यसेविका ताईंना डबी कशी भरायची ते दाखवतायत. सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी. साध्या पाण्याने चूळ भरायची. घरात नाही, मोकळ्या हवेत उभं राहायचं. खोल श्वास घ्यायचा, क्षणभर धरायचा, सोडायचा. पुन्हा घ्यायचा. मग छातीच्या तळातून खोकायचं. घशातली लाळ नको, छातीतला बेडका हवा. चिकट, घट्ट, निदान दोन मिलिलिटर. डबीच्या बाहेर काही लागू द्यायचं नाही, झाकण घट्ट लावायचं. एक नमुना लगेच आणि दुसरा उद्या पहाटेचा.

नोव्हेंबरमध्ये खिडकीतून नुसती डबी पुढे सरकली होती. रांगेत उभं राहून, लोकांसमोर लाजत, ताई तिच्यात थुंकल्या होत्या. त्या डबीत लाळ होती. लाळेत जंतू कुठून सापडणार?

(दृश्य: प्रयोगशाळा. डबीत द्रावण ओततानाचा जवळचा शॉट. काचेची स्लाइड. सूक्ष्मदर्शकावर वाकलेली मान.)

दुसरं कारण ही स्लाइड. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू जगापुढे ठेवला. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू रंगवून बघण्याची पद्धत साधारण तेव्हापासूनची. ती स्वस्त आहे आणि तिने लाखो माणसांचं निदान केलंय. पण स्लाइडवर जंतू दिसायला थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये ते पाच ते दहा हजार तरी असावे लागतात. त्याहून कमी असतील तर रिपोर्टवर निगेटिव्ह लिहिलं जातं. याचा अर्थ दिसले नाहीत, एवढाच. नाहीत, असा नाही.

शेजारच्या टेबलावरचं हे यंत्र सीबीनॅट. डबीत थुंकीच्या दुप्पट द्रावण घालतात, झाकण लावून जोरात हलवतात आणि पंधरा मिनिटं ठेवून देतात. मध्येच एकदा पुन्हा हलवतात. मग ड्रॉपरने घेऊन या छोट्या काडतुसात सोडतात आणि काडतूस यंत्रात बसवतात. पुढचं काम यंत्राचं. ते जंतूंमधला डीएनए शोधतं, त्याच्या प्रती वाढवतं आणि दोन तासांच्या आत उत्तर देतं. मिलिलिटरमध्ये शेसव्वाशे जंतू असले तरी त्याला पुरतात. रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का, हेही त्याच वेळी कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने या तपासणीला २०१० मध्ये मान्यता दिली. अशाच कामाचं ट्रूनॅट हे छोटं यंत्र तर आपल्या गोव्यातल्या कंपनीने तयार केलंय, ते बॅटरीवर चालतं. सरकारी केंद्रात ही तपासणी फुकट होते.

ताई जून महिन्यात आजारी पडल्या तेव्हाही हे यंत्र याच शहरात होतं.

(दृश्य: रिपोर्ट छापून बाहेर येतो. ताई बाकावर. चेहरा बराच वेळ.)

अकरावा कागद. सकाळी डबी दिली, दुपारी उत्तर हातात आलं. टीबीचे जंतू आढळले. रिफॅम्पिसिनला प्रतिरोध आढळला नाही. वजन ३७.

या सात महिन्यांत ताईंचं मोत्यांच्या माळा ओवायचं काम सुटलं, कर्ज झालं आणि धाकट्या बहिणीलाही लागण झाली, तिचेही उपचार सुरू आहेत.

(दृश्य: गोधडीवरचे कागद वरून. निळ्या बॉलपेनचे गोल.)

४९. ४६. ४२. ३७. चार वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले आकडे. हे आकडे काढायला महागडं यंत्र लागलं नव्हतं. दाराशी साधा काटा होता आणि सिस्टरने आपलं काम चोख केलं होतं. प्रत्येक टेबलापाशी आजार पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाला, कारण पेशंट कागद सांभाळतो पण त्याला वाचता येत नाही, आणि ज्यांना वाचता येतं त्यांनी ते मागितले नाहीत. २०१२ पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक आहे, खासगी डॉक्टरांनाही. निक्षय नावाची संगणक नोंदवही त्यासाठीच आहे. पण ही नोंद निदान झाल्यावर होते. निदानाच्या आधी दारोदार फिरणाऱ्या माणसाची नोंद फक्त या साडीच्या पिशवीत असते.

(दृश्य: आरोग्य केंद्र. औषधांची पाकिटं मोजणारे हात. उपचाराचं कार्ड.)

उपचार सहा महिन्यांचे. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळ्या वजनाप्रमाणे ठरतात, म्हणून इथे दर महिन्याला काट्यावर उभं राहावं लागतं. पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये या हिशेबाने पैसे बँकेत जमा होतात. २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत ५०० होते.

(दृश्य: ताई चपला काढून काट्यावर चढतात. आवाज फक्त खोलीतला.)

हा चौथा महिना. सिस्टर आकडा वाचतात, ४३. कार्डावर लिहायला त्या पेन उचलतात, तेवढ्यात ताई स्वतःच सांगतात, मागच्या महिन्यात साडेएकेचाळीस होतं, त्याच्या आधी चाळीस.

सिस्टर मागचं पान उलटून बघतात.