नेत्यानं पक्ष बदलला की मतदारही बदलतो? बेळगावचं गणित

नमस्कार मंडळी.

जगदीश शेट्टर आठवतायत ना? एप्रिल 2023 मध्ये भाजप सोडून काँग्रेसमध्ये गेले. मे महिन्यात हुबळीत, म्हणजे स्वतःच्या घरच्या मतदारसंघात पडले. जानेवारी 2024 मध्ये परत भाजपमध्ये. आणि जूनमध्ये आपल्या बेळगावचे खासदार! माजी मुख्यमंत्री नऊ महिन्यांत जाऊन परत आले. हुबळीचा मतदार जागचा हलला नाही.

2023 च्याच विधानसभा निवडणुकीत लक्ष्मण सवदीही भाजपमधून काँग्रेसमध्ये गेले, आणि अथणीत निवडून आले. गोकाकला तर 2019 च्या पोटनिवडणुकीत रमेश जारकीहोळी काँग्रेस सोडून भाजपकडून उभे राहिले, समोर काँग्रेसचे उमेदवार त्यांचेच भाऊ लखन. रमेश जिंकले. तिसरे भाऊ सतीश काँग्रेसमध्ये, चौथे बालचंद्र भाजपमध्ये. गोकाकात मत चिन्हाला नसतं हो, घराण्याला असतं.

याला लोक लगेच ‘राजकारण बदललं’ म्हणतात. मी नाही म्हणत. सप्टेंबर 2023 मध्ये देवेगौडांचा निधर्मी जनता दल (निजद) भाजपच्या आघाडीत गेला, तेव्हापासून कर्नाटकात लढत जवळपास दोघांतच आहे. अशा ठिकाणी पक्षांच्या पाट्या त्याच राहतात. बदलतात ती त्या पाट्यांखाली उभी असलेली माणसं. आणि त्याला वेळ लागतो.

(स्क्रीनवर: 1989 – काँग्रेस 178, 1994 – काँग्रेस 34)

हे आकडे बघा. 1989 ला कर्नाटक विधानसभेच्या 224 पैकी 178 जागा घेऊन काँग्रेसचे वीरेंद्र पाटील मुख्यमंत्री झाले. लिंगायत समाजातले मोठे नेते. पुढच्याच वर्षी ते आजारी असताना राजीव गांधींनी बंगळूरच्या विमानतळावरच सांगून टाकलं, मुख्यमंत्री बदलणार. समाज दुखावला, आणि 1994 ला काँग्रेस 34 वर आली.

हे रागाचं मत होतं, त्याला मी मतदारांची कायमची फेरमांडणी म्हणणार नाही. खरी गोष्ट पुढची आहे. राग निवला, 1999 ला काँग्रेस पुन्हा सत्तेतही आली, पण लिंगायत मत पूर्वीसारखं परतलं नाही. जनता दल फुटल्यावर ते रामकृष्ण हेगडेंच्या मागून भाजपच्या जवळ सरकलं आणि येडियुरप्पांमुळं तिथं पक्कं झालं. भाजपच्या जागा मोजा: 1989 ला 4, 1994 ला 40, 2004 ला 79, 2008 ला 110. विमानतळावरच्या त्या घोषणेपासून भाजपच्या स्वतःच्या सरकारपर्यंत अठरा वर्षं गेली.

अमेरिकेतही असंच झालं. डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष जॉन्सन यांनी 1964 मध्ये नागरी हक्कांचा कायदा केला. त्याच वर्षी त्यांच्या पक्षाचा बालेकिल्ला असलेल्या दक्षिणेतली पाच राज्यं रिपब्लिकनांकडे गेली. पण प्रतिनिधिगृहातल्या दक्षिणेच्या बहुसंख्य जागा रिपब्लिकनांना मिळाल्या त्या 1994 मध्ये. आणि तिसरा गडी? 1992 ला अध्यक्षपदाला उभे राहिलेले अपक्ष रॉस पेरो यांना जवळपास 19 टक्के मतं पडली. राज्यवार मिळणारी निर्वाचक मतं, ज्यांच्यावर अध्यक्ष ठरतो, ती मिळाली शून्य.

आता आपल्या समितीकडे, म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समितीकडे या.

सीमाभागात वर्षानुवर्षं लढत भाषेवर होती. एकीकडे समिती, दुसरीकडे राष्ट्रीय पक्ष. 2013 ला समितीचे दोन आमदार होते, बेळगाव दक्षिण आणि खानापूर. 2018 ला शून्य, 2023 ला शून्य. तरी मतं संपली म्हणाल तर फसाल. एकट्या 2021 मध्ये काय घडलं बघा. लोकसभेच्या पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला एक लाख सतरा हजारांवर मतं पडली, आणि भाजपच्या मंगला अंगडी 5,240 मतांनी जिंकल्या. चारच महिन्यांनी महापालिका निवडणूक पहिल्यांदा पक्षचिन्हांवर झाली. 58 पैकी 35 जागा भाजपला!

मतदार तोच. लोकसभेला समितीला मत देऊन त्यानं अस्मिता दाखवली. गल्लीतला रस्ता आणि गटार आलं तेव्हा तो सत्तेकडं गेला. ‘मत फुकट घालवू नका’ हे वाक्य आपल्याकडं प्रत्येक प्रचारात ऐकू येतं, आणि ज्याला सगळ्यात जास्त मतं त्याचीच जागा, या पद्धतीत ते लागू पडतं.

मात्र दोन पक्ष कोणते, हे प्रत्येक मतदारसंघ आपापलं ठरवतो. 2023 ला बेळगाव दक्षिणमध्ये, म्हणजे शहापूर, वडगाव, अनगोळ या भागात, दुसऱ्या क्रमांकावर समिती होती. काँग्रेस तिसरी. तिथं ‘फुकट’ गेलेलं मत काँग्रेसचं होतं. समितीच्या नेत्यांनी दरवेळी एकीच्या बैठका घेण्याआधी हा आकडा भिंतीवर लावावा, असं मला वाटतं.

मग पुढची उलथापालथ कुठून येईल? दोन्ही पक्षांना आतून चिरणारा विषय लागतो. पंचमसाली या लिंगायत पोटसमाजाचं आरक्षण तसा आहे. काँग्रेसचे काशप्पनवर आणि तेव्हा भाजपमध्ये असलेले यत्नाळ एकच मागणी करत होते, आणि डिसेंबर 2024 मध्ये बेळगावच्या विधानभवनाजवळ, सुवर्णसौधजवळ, आंदोलकांवर लाठ्या पडल्या.

दुसरा विषय काँग्रेस सरकारची गृहलक्ष्मी योजना. घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला 2,000 रुपये, ती मराठी की कन्नड हे न विचारता. 2024 ला हे खातं काँग्रेसच्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकरांचं होतं, आमदारकी बेळगाव ग्रामीणची. तरी त्याच वर्षी लोकसभेला त्यांचा मुलगा मृणाल शेट्टरांकडून पावणेदोन लाखांहून जास्त मतांनी हरला. आणि शेजारच्या चिक्कोडीत काँग्रेसच्याच प्रियांका जारकीहोळी जिंकल्या. योजना एक, जिल्हा एक, निकाल दोन. म्हणून मी आत्ताच काही जाहीर करत नाही. एकच वॉर्ड पालिका, विधानसभा आणि लोकसभा तिन्हीकडे एकाच बाजूला, तेही दोन-तीन खेपा, पडायला लागला की बोलू.

दक्षिणवाल्यांनो, खानापूरकरांनो, तुमच्या घरात आजोबांचं, आईचं आणि तुमचं मत एकीकडे पडतं का? गावाच्या नावासकट लिहा. पुढच्या भागात खानापूरच्या 2018 च्या दुफळीचा हिशेब मांडतोय.