आडनाव हेच दफ्तर

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. किरकोळ संपादन केले आहे.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'मुस्लिम देशातील पक्ष, नेतृत्व आणि विचारसरणी'. पाऊण तासात एवढं बोलायचं म्हणजे हंड्यात विहीर भरायची. म्हणून मी आपला पाकिस्तान धरतो, आणि पाकिस्तानातही भुट्टोंची पीपल्स पार्टी. शेवटी इम्रान खान यांच्या पक्षाबद्दल बोलायचं संयोजकांना कबूल केलंय. तेव्हा कुणीतरी घड्याळाकडे लक्ष ठेवा, माझ्या भरवशावर राहू नका. (हशा)

सुरुवातीलाच एक तक्रार. पाकिस्तानवर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न क्रिकेटचा येतो, दुसरा काश्मीरचा, आणि तिसरा प्रश्न नसतोच, निकाल असतो: "ते सगळे सरंजामदार हो, त्यामुळे घराणेशाही असणारच." या 'सरंजामदार' शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. आपल्या इतिहासात सरंजाम ही नेमकी व्यवस्था होती: इतका मुलूख, इतकी फौज, इतका हिशेब. आता तो शब्द आपण कुठल्याही कुलपाला लावतो आणि कुलूप उघडलं असं समजतो.

उघडत नाही. नवाज शरीफ यांचं घराणं जमीनदारांचं नाही, लाहोरच्या लोखंडाच्या ओतकामातलं. त्यांची इत्तेफाक फाउंड्री 1972 च्या जानेवारीत भुट्टोंनीच सरकारजमा केली होती. तिथेही भाऊ पंतप्रधान, मुलगी पंजाबची मुख्यमंत्री. जमियत उलेमा-ए-इस्लाम या धार्मिक पक्षाचे मौलाना फझलुर रहमान यांच्याकडे ना जमीन ना भट्टी, मदरशांचं जाळं. पण पक्षाच्या धुरा वडिलांकडून, मुफ्ती महमूद यांच्याकडूनच आल्या. म्हणजे ऊस, लोखंड आणि फिकह (इस्लामी धर्मशास्त्र), तिन्हींतून घराणंच उगवतं. मग दोष एकट्या उसाच्या शेताला कसा द्यायचा?

आणि खुद्द भुट्टो? झुल्फिकार अलींचे वडील सर शाहनवाज भुट्टो आपल्या मुंबई इलाख्याच्या सरकारात मंत्री होते. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, हे आपण पार विसरलोय. सिंध वेगळा झाला, 1937 ला निवडणूक झाली आणि सर शाहनवाज कुठे पडले? लारकानात! स्वतःच्या घरच्या मैदानात, एवढ्या जमिनी असताना, शेख अब्दुल मजीद सिंधींकडून. मग ते मुंबईला लोकसेवा आयोगावर आले, पुढे 1947 ला जुनागढचे दिवाण झाले, ती कथा तुम्हाला माहीत आहे. मुलगा इथल्या कॅथेड्रल शाळेत शिकला. त्याचा शाळेतला दोस्त पिलू मोदी, पुढे स्वतंत्र पक्षाचा खासदार. एक दोस्त समाजवादाच्या नावाने बोटं मोडणारा, दुसऱ्याने त्याच समाजवादावर पक्ष उभा केला. एकाच बाकावरून एवढं अंतर गाठायला दादागिरी लागते. (हशा)

असो. सांगायचं एवढंच, की जमिनीमुळे मतं मिळतातच असं नाही.

माझी सगळी नोकरी जुन्या कागदांत गेली. पेशवे दफ्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. माणूस जातो, गादी जाते, राज्य बुडतं, पण रुमाल बांधलेला असतो. कोणाला काय दिलं, कोणी काय कबूल केलं, सगळं तिथे. पक्षालाही असा रुमाल लागतो: सभासदांची यादी, ठरावांची वही, वर्गणीचा हिशेब, पुढचा अध्यक्ष कसा निवडायचा याचा नियम. हा रुमाल ज्या पक्षाजवळ नसतो तो काय करतो? आडनावाचाच रुमाल करतो. विचार, त्याग, तुरुंग, फाशी, सगळं त्या एका आडनावात गुंडाळून ठेवतो. ही माझी लाडकी कल्पना. घरी कुणी ऐकत नाही, म्हणून इथे आलो. (हशा)

पीपल्स पार्टीचा रुमाल सुटला कसा, त्याची एक रात्र सांगतो. ही गोष्ट मी प्रत्येक भाषणात सांगतो, ज्यांनी ऐकली असेल त्यांनी कृपया शेवट आधी फोडू नये.

पक्ष स्थापन झाला 1967 च्या 30 नोव्हेंबरला, लाहोरला, डॉ. मुबशिर हसन यांच्या घरी. स्थापनेचे कागद लिहिण्यात मोठा हात जे. ए. रहीम यांचा. जन्माने बंगाली, जुन्या आयसीएसमधले, परराष्ट्र खात्यात राजदूत राहिलेले, पक्के डावे. इस्लाम आमचा धर्म, लोकशाही आमचं राजकारण, समाजवाद आमचं अर्थकारण, सगळी सत्ता जनतेला: ही चार वाक्यं पक्षाची संध्या होती म्हणा. तेव्हा रहीम म्हणजे सरचिटणीस, म्हणजेच दफ्तर.

1970 ची निवडणूक आली. निशाणी तलवार. आता 'झुल्फिकार' हे हजरत अलींच्या तलवारीचं नाव, आणि उमेदवाराचं नाव झुल्फिकार अली. निशाणीवर नेत्याची सही आधीच होती! समाजवाद पुस्तिकेत, तलवार भिंतीवर. 'रोटी, कपडा और मकान' म्हणत पक्षाने राष्ट्रीय असेंब्लीच्या 300 पैकी 81 जागा घेतल्या, सगळ्या पश्चिम पाकिस्तानात. मौलाना मौदूदींच्या जमातला, म्हणजे जमात-ए-इस्लामी या धार्मिक पक्षाला, मिळाल्या 4. हे आकडे लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहेत.

भुट्टो सत्तेवर आले, रहीम मंत्री झाले. आणि मग 1974 च्या जुलैची ती रात्र. पंतप्रधानांच्या घरी जेवणाचं बोलावणं, वेळ आठची. मंत्री जमले. यजमानांचा पत्ता नाही. नऊ झाले, दहा झाले. आपल्याकडे लग्नात मुख्य पाहुणा आल्याशिवाय पंगत बसत नाही, तेव्हा भुकेल्या मंडळींचे चेहरे कसे होतात ते आठवा. कुणी उठायला तयार नाही. मध्यरात्र व्हायला आली तेव्हा हे सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ उठले आणि बाकीच्यांना म्हणाले, की तुम्ही हुजऱ्यांनी बसा त्या लारकानाच्या महाराजाची वाट बघत, मी घरी चाललो. आणि गेले.

घरी जाऊन झोपले. रात्री दारावर थापा. बाहेर पंतप्रधानांचे सुरक्षा अधिकारी, बरोबर फेडरल सिक्युरिटी फोर्सची माणसं. रहीम यांना बेदम मारलं, मध्ये पडलेल्या मुलालाही मारलं. पक्षाच्या सरचिटणीसाला, स्वतःच्या सरकारातल्या मंत्र्याला, पक्ष स्थापन होऊन सात वर्षंही झाली नव्हती तेव्हा. बातमी तुमच्या लक्षात आली ना? त्या रात्री दफ्तर फुटलं. 'महाराजा' हा शब्द बोलल्याबद्दल माणूस झोडपला गेला, म्हणजे तो शब्द किती अचूक बसला होता बघा.

(चिठ्ठी आली आहे. 'पंधरा मिनिटे.' बरं. मला वाटलं चहाचं विचारताय.)

यातली गंमत अशी, की याच भुट्टोंनी पूर्वी जाहीर सभेत आपले वारस म्हणून दोन नावं घेतली होती. एक कराचीचे विद्यार्थी नेते मेराज मुहम्मद खान, दुसरे गुलाम मुस्तफा खर. दोघेही भुट्टो नाहीत! म्हणजे सुरुवातीला घराण्याचा बेत नव्हता. पण मेराज सरकारातून बाहेर पडले आणि भुट्टोंच्याच राजवटीत तुरुंगात गेले, खर यांचंही बिनसलं, रहीम यांचं आत्ता सांगितलं. घरात आग लागली तेव्हा बाहेरचे सगळे दरवाजे मालकाने आतून बंद केलेले होते.

मग 1977. मार्चच्या निवडणुकीत 200 पैकी 155 जागा, विरोधक म्हणाले घोटाळा, रस्त्यावर उतरले. आणि समाजवादी पक्षाने काय केलं? दारूबंदी केली, जुगार बंद केला, शुक्रवारची सुट्टी जाहीर केली. त्याआधी 1974 च्या सप्टेंबरात घटनादुरुस्ती करून अहमदियांना मुस्लिमेतर ठरवलं होतंच. चार वाक्यांतलं पहिलं वाक्य बाकीच्या तिघांना गिळायला लागलं. सांगतात, की भर सभेत भुट्टो म्हणाले होते, हो, मी दारू पितो, लोकांचं रक्त पीत नाही, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या माणसानेच दारूबंदी आणली. 5 जुलैला लष्करप्रमुख झिया सत्ता घेऊन आले. त्यांना ना सुट्टीने अडवलं ना बंदीने.

4 एप्रिल 1979 ला रावळपिंडीत फाशी. इथून पुढचं आपल्याला पाठ आहे असं वाटतं, पण मी आडनावाच्या बाजूने सांगतो. पक्ष दडपता येतो, सभा बंद करता येते, निशाणी काढून घेता येते. तलवार गेली, 1988 ला भुट्टोंची मुलगी बेनझीर 'तीर' घेऊन लढल्या. तिकडे नुसता बाण, धनुष्य नाही. मी एवढंच म्हणतो, बाकी तुमच्या मनात जे आलं ते माझ्या तोंडून वदवून घेऊ नका. (हशा, टाळ्या) पण आडनाव जप्त करता येत नाही. त्याला कार्यालय लागत नाही, नोंदणी लागत नाही. म्हणून अध्यक्षपद आधी पत्नीकडे, नुसरत बेगमांकडे, मग मुलीकडे.

सरंजामवाल्यांना इथे माझा सवाल. ही जर जमीनदारी गादी असती तर मुलगा असताना मुलीला मिळाली असती? 1993 साली बेनझीर यांचे भाऊ मुर्तझा देशात परत आले, आई मुलाच्या बाजूने उभी राहिली. पक्षाने काय केलं? आईला अध्यक्षपदावरून काढलं, बेनझीर एकट्या अध्यक्ष झाल्या. 1996 च्या 20 सप्टेंबरला मुर्तझा कराचीत, आपल्या घराजवळ, पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. बहीण तेव्हा पंतप्रधान. पुढे 27 डिसेंबर 2007 ला त्याच रावळपिंडीत बेनझीर यांची हत्या झाली, आणि तिसऱ्या दिवशी नौदेरोच्या घरात मृत्युपत्र निघालं. गादीचा कायदा लावायचा तर मुर्तझांचा मुलगा होता, तोही झुल्फिकार. तो बाजूला राहिला. बेनझीर यांचा मुलगा, एकोणीस वर्षांचा बिलावल, ऑक्सफर्डचा विद्यार्थी, अध्यक्ष झाला. आतापर्यंत बिलावल झरदारी होता, त्या दिवसापासून बिलावल भुट्टो झरदारी. आडनाव वंशाने आलं नाही, बैठकीत चिकटवलं! दस्तावर तिकीट चिकटवून शिक्का मारावा तसं. मी म्हणतो ते हेच. ते रक्त नव्हतं, कागद होता.

पक्षात तेव्हा मख्दूम अमीन फहीम होते. 2002 मध्ये बेनझीर देशाबाहेर असताना नोंदणीसाठी दुसरा पक्ष काढावा लागला, पीपल्स पार्टी पार्लमेंटेरियन्स, तो यांनी सांभाळला. निष्ठावान, ज्येष्ठ. पण त्यांचं आडनाव रुमाल नव्हतं. कार्यकर्ते घोषणा देतात, 'तुम कितने भुट्टो मारोगे, हर घर से भुट्टो निकलेगा'. अंगावर काटा येतो ऐकताना. फक्त अध्यक्ष मात्र एकाच घरातून निघतो.

(दुसरी चिठ्ठी. 'पाच मिनिटे.' अहो, अजून इम्रान राहिले!)

घाईघाईने. विचारसरणीचं काय झालं? बेनझीर यांच्या काळात सरकारी कारखाने विकायला निघाले, घोषणा रोटी-कपड्याचीच राहिली. 2008 ला गरीब बायकांना रोख रक्कम देणारी योजना आली, चांगली योजना, नाव बेनझीर इन्कम सपोर्ट प्रोग्रॅम. समाजवादाची जागा आडनावाने घेतली, ती अक्षरशः बँकेच्या कागदावर. बांगलादेशात हसीना आणि खालिदा, इंडोनेशियात मेगावती, तिथेही वडील किंवा नवरा मारला गेला वा पदच्युत झाला, मगच मुलगी वा पत्नी पुढे आली. हे वेगळं भाषण होईल.

आता ते 4 आणि 81. ज्या जमातला 4 जागा मिळाल्या, त्या पक्षाचा रुमाल पाकिस्तानात सर्वांत नीट बांधलेला आहे. सदस्यांची यादी चोख, अमीर, म्हणजे पक्षाचा प्रमुख, गुप्त मतदानाने निवडतात, मौदूदींनंतर एकाही अमीराच्या मुलाला गादी मिळालेली नाही. मतं मिळत नाहीत. दफ्तर असलं की लोक येतातच, असं मी म्हणत नाही, हा माझ्या सिद्धांतातला खड्डा मी स्वतःच दाखवतोय.

आणि इम्रान. 1996 ला पक्ष काढला, घराणेशाहीविरुद्ध. 2012-13 ला खरोखर मोठ्या अंतर्गत निवडणुका घेतल्या. त्यात गैरप्रकार झाल्याचं त्यांच्याच न्यायमूर्ती वजीहुद्दीन अहमद यांच्या लवादाने सांगितलं. बाहेर गेले कोण? वजीहुद्दीन. पुढे दहा वर्षांनी निवडणूक आयोग म्हणतो, तुमच्या अंतर्गत निवडणुका नियमाने झाल्या नाहीत, बॅट ही निशाणी परत करा. 13 जानेवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. घराण्याचे पक्ष निर्धास्त, आणि अंतर्गत लोकशाही नसल्याची शिक्षा एकाला, जो घराण्याचा नव्हता. वांगं, बूट अशा मिळतील त्या निशाण्यांवर उमेदवार लढले, आणि तरी सर्वांत जास्त निवडून आले.

पण आत काय घडलं ते बघा. नेता 2023 च्या ऑगस्टपासून तुरुंगात. पक्षाचे अध्यक्ष बॅरिस्टर गोहर आहेत. तरी तुरुंगाच्या दारात कॅमेरे कोणापुढे धरले जातात? बहीण अलीमा खान यांच्यापुढे. 2024 च्या नोव्हेंबरात मोर्चा इस्लामाबादला घेऊन कोण गेलं? पत्नी बुशरा बीबी. घराणेशाहीविरुद्ध निघालेला पक्ष, दफ्तर फुटलं की...

हो, हो, समजलं, उभे राहिलात म्हणजे संपलं. प्रश्न घ्या. फक्त क्रिकेटचा नको.