बैठक बंद, वाचन चालू

(कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांतल्या लेखक-मंडळांच्या संयोजकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी,

22 मार्च 2020 ला जनता कर्फ्यू झाला, 25 तारखेपासून देशभर टाळेबंदी लागली, आणि आपल्याकडची बहुतेक लेखक-मंडळं एकाच प्रश्नापाशी अडली: आता बैठक कुठं घ्यायची? शाहू स्मारक भवन बंद. 1850 पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर बंद. कॉलेजांचे वर्ग बंद. राज्यातली ग्रंथालयं पुन्हा उघडायला 15 ऑक्टोबर उजाडला. तोवर पुष्कळांनी झूमवर बैठक घ्यायला सुरुवात केली होती. पहिल्या बैठकीला तीस जण, तिसरीला बारा, पाचवीला संयोजक आणि त्यांचे दोन मित्र, अशी गळती ठिकठिकाणी दिसली.

माझ्या मते घोळ प्रश्नातच होता. लिहिणाऱ्यांचं मंडळ बैठकीवर जगत नाही. मी लिहिलेलं अमुक वारी अमुक माणूस वाचणार आहे आणि वाचून दोन शब्द सांगणार आहे, या भरवशावर ते जगतं. हा भरवसा द्यायची एक रीत म्हणजे बैठक. ती रीत बंद पडली की दुसऱ्या रीतीनं तोच भरवसा द्यायचा. त्यामुळं आज मी ॲपविषयी कमी आणि वाचनाच्या फेरीविषयी जास्त बोलणार आहे.

पहिलं काम यादीचं. ही यादी कागदावर हवी, आणि तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत हव्यात. का, तर 2021 च्या जुलैमध्ये कोरोना ओसरलेला नसताना वर महापूरही आला. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की वीज जाते, मग फोनची बॅटरी जाते, आणि सगळे नंबर त्या फोनातच असतात. यादीत नाव आणि नंबर असतातच. त्यापुढं फोन साधा की स्मार्ट, घरात रेंज मिळते की माळावर जावं लागतं, लिखाण हातानं की टाइप करून, टाइप केलेलं युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत) की श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये, कोणत्या वेळी मोकळे, हेही लिहा. शेवटी घरातल्या आणखी एका माणसाचा नंबर. माणूस दवाखान्यात असताना त्याचा फोन कुणी उचलत नाही; तेव्हा हा शेवटचा रकानाच कामाला येतो.

मोकळ्या वेळेचा रकाना लोक उगाचच सोडून देतात. शहरातले सभासद म्हणतात, संध्याकाळी सहा बरं. पण करवीर, कागल, राधानगरी, भुदरगडकडच्या सभासदांची ती धारेची आणि डेअरीला दूध घालायची वेळ. साडेआठनंतर टीव्ही एका खोलीत आणि घरातली सगळी माणसं त्याच खोलीत. दुपारी तीन ते साडेचार ही वेळ बहुतेक मंडळांना सोसते. मात्र ती विचारून ठरवा, गृहीत धरू नका.

आता फेरी. मंडळाचे चार-चारांचे गट पाडा. तिघांत एकजण आजारी पडला की गट मोडतो, सहांत प्रत्येकाला वाटतं की दुसरा वाचेलच, म्हणून चार. सोमवारी एकानं लिखाण पाठवायचं, गुरुवार रात्रीपर्यंत बाकीच्या तिघांनी कळवायचं. चार आठवड्यांत प्रत्येकाची पाळी एकदा येते. मर्यादा 1200 शब्दांची, कविता असतील तर तीन. वाचणाऱ्यानं तीनच गोष्टी सांगायच्या: कोणती ओळ डोक्यात राहिली, वाचताना कुठं अडखळायला झालं, आणि लेखकाला विचारायचा एक प्रश्न. एवढ्यानं भागतं.

या तीन गोष्टींचा आग्रह कशासाठी? मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कथा टाकली की मिनिटाभरात ‘लई भारी’, ‘नाद खुळा’ आणि हात जोडलेली चित्रं येतात. पंधरा मिनिटांच्या कथेला मिनिटात आलेली दाद म्हणजे कथा उघडलेली नाही, हे लेखकालाही कळतं. असं दोन-तीनदा झालं की तो पाठवायचं थांबवतो, आणि ग्रुपवर सुप्रभातचे फोटो तेवढे राहतात. चारांच्या गटात न वाचता बोलणारा लगेच उघडा पडतो. हा थोडा दुष्टपणा आहे, पण उपयोगी आहे.

फेरी मोडते ती पाळी पुढं ढकलल्यानं. ‘या आठवड्यात काही सुचलं नाही’ असं एकानं म्हटलं, तर तेवढ्यानं बिघडत नाही. लागोपाठ दुसऱ्यानं म्हटलं की फेरी संपली समजा. म्हणून नियम असा ठेवा की नवीन नसेल तर जुनं पाठवा, जुनंही नसेल तर अर्ध्यात सोडलेलं पान पाठवा, पण सोमवार रिकामा जाता कामा नये. साथीत बहुतेकांचं लिखाण आटतं, त्यात गैर काही नाही. लिहिता न येणारा माणूस वाचू शकतो, आणि वाचत राहिला तर मंडळात राहतो. तीन महिन्यांनी गट बदला, पण पूर्ण उलथापालथ करू नका. जुने दोघं ठेवून दोघं बदला.

लिखाण पोचतं कसं, याकडं बारकाईनं बघायला हवं, कारण अर्धे गैरसमज तिथंच होतात. हातानं लिहिणाऱ्यांनी वहीच्या पानाचा फोटो काढताना खिडकीशी उजेडात बसावं, फोन पानावर सपाट धरावा, पानाचे चारही कोपरे चौकटीत यावेत. डोक्यावरच्या दिव्याखाली काढलं की स्वतःच्याच हाताची सावली नेमकी मधल्या ओळींवर पडते. प्रत्येक पानावर वर उजवीकडं आपलं नाव आणि ‘5 पैकी 2’ असा आकडा घाला, कारण फोटो मागेपुढे पोचतात. आणि पाठवताना गॅलरीतून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीच्या रीतीनं पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप दाबून लहान करतं. मग मोठा केला की वेलांट्या आणि अनुस्वार पुसट होतात, आणि वाचणारा शुद्धलेखनाला नावं ठेवतो.

श्रीलिपीत किंवा तशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर ज्याच्याकडं तो फाँट नाही त्याला इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. असं लिखाण पीडीएफ करून पाठवा, किंवा कन्व्हर्टरनं युनिकोड करून घ्या. रूपांतरानंतर जोडाक्षरं, रफार आणि ‘ऱ्या’ एकदा डोळ्यांखालून घालाच. बिघाड तिथंच होतो. पीडीएफ फोनवर वाचली जाणार असेल तर पान ए-फाइव्ह ठेवा आणि अक्षर 16 पॉइंटचं. ए-फोरच्या पानावर दोन रकाने पाडून अंक सजवणारे लोक मुद्रणावर प्रेम करतात हे मान्य, पण साठीच्या वाचकाला तो रकाना दर ओळीला बोटानं सरकवावा लागतो.

कविता नावासकट पाठवा, आणि नाव कवितेच्या अंगातच, शेवटच्या ओळीला लागून असू द्या. वेगळ्या मेसेजमध्ये लिहिलेलं नाव पहिल्या फॉरवर्डलाच गळतं, आणि आठवड्याभरात तीच कविता ‘कवी अज्ञात’ होऊन कवीच्याच फोनवर परत येते.

ज्यांना टाइप जमत नाही आणि ज्यांचे डोळे थकलेत, त्यांच्यासाठी आवाज. सावकाश वाचलं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. 1200 शब्दांची कथा दहा-बारा मिनिटांत वाचून होते. ती एका दमात रेकॉर्ड करू नका. तीन-तीन मिनिटांचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला ‘भाग दोन’ असं म्हणा. मध्येच फोन आला तर एकच तुकडा वाया जातो, आणि ऐकणाऱ्यालाही ‘भाग तीनमध्ये अडखळलो’ असं नेमकं सांगता येतं.

आपल्या चर्चांत साध्या फोनवाल्यांना कायम विसरलं जातं. त्यांच्यासाठी फोनमधला कॉन्फरन्स कॉल आहे. एकाला लावायचा, मग दुसऱ्याला लावून मर्ज करायचं. लावणारा धरून साधारण सहा जण एका कॉलवर येतात, म्हणजे चारांचा गट आरामात. इंटरनेट लागत नाही. चंदगड-आजऱ्याकडं जिथं नेट रांगतं तिथंही हे चालतं. ज्याची रेंज सर्वांत चांगली त्यानं लावावा, कारण लावणाऱ्याचा फोन तुटला की सगळेच तुटतात. बोलताना आधी नाव घ्यायचं, म्हणजे कोण बोलतंय हा गोंधळ होत नाही.

मग झूम नकोच का? हवं, पण महिन्यातून एकदा, आणि तोंडं दिसावीत म्हणून. फुकटच्या झूमवर गटाची बैठक 40 मिनिटांनी बंद होते. ही अडचण न मानता तिचंच माप घ्या. नऊशे शब्दांचं वाचन आठ मिनिटांचं. अशी दोन वाचनं आणि प्रत्येकावर सात मिनिटं चर्चा मिळून तीस मिनिटं. राहिलेली दहा लोक येण्यात, ‘माझा आवाज येतोय का’मध्ये आणि निरोपात जातात. तिसरं वाचन घ्यायचा मोह टाळा. ज्याचं वाचन मध्येच कापलं जातं तो पुढच्या वेळी येत नाही. डेटा दीड जीबी रोजचा असेल आणि त्यावरच मुलांची ऑनलाइन शाळा असेल, तर पहिली पाच मिनिटं सोडून चित्र बंद ठेवा. तासाभराच्या चित्राला अर्धा-एक जीबी सहज लागतो. नुसत्या आवाजाचं काम तीस-चाळीस एमबीत होतं.

कवींचं दुखणं वेगळं. समोर बसलेल्यांची ‘वाहवा’ आणि ‘पुन्हा’ यावर वाचणाऱ्याची लय चढते. झूमवर सगळे म्यूट, म्हणून कवी शांततेत वाचतो आणि दुसऱ्या कडव्यापासून घाई करतो. सगळ्यांना अनम्यूट केलं तर दाद उशिरा पोचते, पुढच्या ओळीवर आदळते, आणि यंत्र एका वेळी एकच आवाज पुढं आणत असल्यानं कवीचाच आवाज दाबला जातो. यावर तोडगा असा: दोघंच अनम्यूट ठेवायचे, त्यांनी कडवं संपल्यावरच दाद द्यायची, आणि कवीनं प्रत्येक कडव्यानंतर दोन श्वास थांबायचं. गाऊन म्हणणारे असतील, ओवी असो, पोवाडा असो, तर झूमच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ सुरू करायला लावा. नाहीतर डफाचा ठोका यंत्राला खोलीतला गोंगाट वाटतो आणि ते तो गाळून टाकतं. लांबवलेला सूरही मध्येच विरतो.

टपाल मोडीत काढू नका. त्या वेळी पोस्टकार्ड 50 पैशांना, अंतर्देशीय अडीच रुपयांना होतं, आणि 20 ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला पाच रुपयांचं तिकीट लागत होतं. सत्तर जीएसएमचा (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाचा) ए-फोर कागद साडेचार ग्रॅमच्या आतला. म्हणजे तीन कागद आणि पाकीट मिळून वजनात बसतं. दोन्ही बाजूंनी लिहिलं तर सहा पानं. उत्तरासाठी पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड आत घाला. ते वजन वाढवतं, तेव्हा कागद दोनच ठेवा.

व्हॉट्सॲपवर ग्रुप दोन करा. एक निरोपांचा, जिथं फक्त ॲडमिन लिहितात. दुसरा गप्पांचा, तिथं काय चालायचं ते चालू दे. फेरीचं लिखाण या दोन्हींत टाकायचं नाही. आणि मंडळाचं दप्तर सांभाळणारा एकजण नेमा. त्यानं आलेली प्रत्येक फाइल त्याच आठवड्यात फोनबाहेर उतरवून नाव-तारीख घालून ठेवायची. न उतरवलेली फाइल काही महिन्यांनी उघडायला गेलात तर उघडत नाही, आणि पाठवणाऱ्याचा फोन तोवर बदललेला असतो.

एप्रिल-मे 2021 मध्ये ग्रुप उघडायचीच भीती वाटावी अशी स्थिती होती. अशा वेळी संयोजकानं काही गोष्टी कटाक्षानं पाळाव्यात. घरच्यांशी बोलणं झाल्याशिवाय कुणाच्या जाण्याची बातमी टाकायची नाही. चुकीच्या बातमीवर श्रद्धांजल्या पडलेल्या आजारी माणसानं स्वतः वाचाव्यात, यासारखं वाईट काही नाही. बातमी निरोपांच्या ग्रुपवर एकदाच, आणि श्रद्धांजल्या तिथं नकोत. शोक बोलायचा तो फोनवर, चारांच्या गटात. त्या गटाची फेरी त्या आठवड्यात थांबवू नका. गेलेल्या माणसाच्या पाळीला त्याचंच जुनं लिखाण सर्वांनी वाचावं. महिन्या-दीड महिन्यानं घरच्यांना एवढंच विचारा, की वह्या कुठं आहेत आणि त्या रद्दीत तर जाणार नाहीत ना. मागून घेण्याची घाई नको, पण विचारायला उशीरही नको. घर बदलताना पहिल्यांदा वह्याच जातात.

उरली परतीची वाट. निर्बंध सैल झाले की अर्धे लोक खोलीत आणि अर्धे फोनवर अशी मिश्र बैठक होते, आणि सगळ्यांत जास्त मंडळं तिथंच फुटली. टेबलाच्या मधोमध एक फोन ठेवला की त्याला डोक्यावरचा पंखा ऐकू येतो आणि तिसऱ्या खुर्चीवरचा माणूस ऐकू येत नाही. पंखा बंद करून हवेसाठी खिडक्या उघडाव्यात, तर बिंदू चौकातले हॉर्न आत येतात. त्यापेक्षा वाचणाऱ्यानं फोन हातात घेऊन, तोंडापासून वीतभर अंतरावर धरून वाचावं आणि बोलायची पाळी येईल त्याच्याकडं तो फोन द्यावा. खोलीत दुसरा फोन त्याच कॉलला जोडलेला असेल तर त्याचा माईक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर आवाज घुमतो. प्रत्येक वाचनानंतर आधी फोनवरच्यांनी बोलायचं, मग खोलीतल्यांनी. उलट क्रम ठेवलात तर चहा येतो, चर्चा रंगते, आणि गगनबावड्याहून जोडलेला माणूस पंचवीस मिनिटं नुसता कपबशांचा आवाज ऐकत बसतो.