चिकटवलेला कागद आधी वाचा

इमारतीत कुठेही चिकटपट्टीने लावलेला, हाताने लिहिलेला कागद दिसला की मी थांबून वाचतो. तुमच्यातले बरेच जण फलक, पत्रकं करणारे आहात, म्हणून आज विषय तीन घेतलेत : रुग्णालय, कार्यालय आणि शाळेचा निधी. पण सुरुवात त्या कागदापासूनच करायची आहे मला.

एका रुग्णालयाने दिशादर्शक फलकांसाठी बोलावलं होतं. समितीची मागणी एकच : दाराशी एक भव्य फलक, त्यावर सगळे विभाग, तेही ज्येष्ठतेच्या क्रमाने. आणि भिंतींवरचे ‘ते घाणेरडे कागद’ काढून टाका. मी म्हटलं, काढू नका, आधी मला फोटो घेऊ द्या. दोन दिवस मी आत बाकावर बसून होतो. फलकावर लिहिलं होतं ‘क्ष-किरण व प्रतिमांकन विभाग’. येणारा प्रत्येक जण विचारत होता, ‘‘एक्स-रे कुठे?’’ आणि लिफ्टजवळच्या खांबावर कुणीतरी कागद लावला होता : ‘एक्स-रे लिफ्टच्या मागे’. खाली ठळक बाण. जुन्या चिकटपट्टीवर नवी, तिच्यावर आणखी नवी. म्हणजे तो फाटला की कुणीतरी पुन्हा लावत होतं! कुणी सांगितलं नव्हतं, पगारात ते काम नव्हतं. रोज तोच प्रश्न ऐकून एका माणसाने उत्तर तिथे टांगलं, जिथे प्रश्न पडतो. दारावरचा फलक तिसऱ्या वळणापर्यंत कोण लक्षात ठेवणार? हातात फाइल, सोबत आजारी माणूस, त्यात घाबरलेलं मन.

समितीला हे पटवायला चार बैठका लागल्या. शेवटी मी त्या कागदांचे फोटोच टेबलावर मांडले.

विषय निघालाच आहे तर : दवाखान्यासाठी लाल क्रॉस वापरू नका. १८६४च्या जिनिव्हा करारापासून ते युद्धातल्या वैद्यकीय सेवेचं संरक्षक चिन्ह आहे. ते जितकं स्वस्त होईल तितकं रणांगणावर त्याचं वजन कमी होतं. प्रथमोपचारासाठी हिरव्यावर पांढरा क्रॉस आहेच.

दहाच मिनिटं उरलीत, असं दिसतंय. तर कार्यालय. सुरक्षेच्या फलकांना कंपनीचे रंग लावू नका. लाल मनाईचा, पिवळा धोक्याचा, निळा सक्तीचा, हिरवा सुटकेचा. दाराकडे धावणारा तो हिरवा माणूस जपानच्या युकिओ ओता यांच्या आराखड्यातून आला, १९८५मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने स्वीकारला. तो बदलायचा नाही. मात्र नुसत्या रंगावर विसंबू नका : उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. म्हणून मनाईला तिरकी रेघ असलेलं वर्तुळ आणि धोक्याला त्रिकोण असतो.

शाळेचा निधी. पत्रकावर मुलांचे हसरे फोटो आठ-आठ असतात आणि पैसे कशासाठी हवेत ते शेवटच्या ओळीत. उलट करा. ‘ग्रंथालयाचं छप्पर’ हे सगळ्यात मोठं, मग रक्कम, मग द्यायचे कसे. मुलांनी काढलेलं चित्र असेल तर एकच घ्या, पण मोठं घ्या. क्यूआर कोडभोवती त्यातल्या चार बारीक चौकोनांइतकी पांढरी जागा सोडा, त्यावर नक्षी नको. आणि सगळ्या प्रती छापण्याआधी एक पत्रक छापून भिंतीला लावा, दोन पावलं मागे या, आणि ज्याने ते केलेलं नाही त्याच्या फोनवर कोड उघडून बघा.